झाकणावरचे थेंब

रात्रीचे पावणेदोन वाजले असतील. भाचीच्या खोलीतून बाळाच्या नाकाचा घर्रघर्र आवाज येत होता. मध्येच रडू, मग पुन्हा तीच घरघर. चौदा महिन्यांचं लेकरू, नाक पार चोंदलेलं, डोळ्यांवर झोप आलेली, पण आडवं केलं की श्वास अडकून लगेच जागं होणारं. मी उठले, कपाटातली पुदिन्याच्या तेलाची छोटी बाटली काढली, रुमालाच्या टोकावर दोन थेंब टाकले आणि अंधारातच तिच्या खोलीत गेले. रुमाल बाळाच्या उशाशी ठेवायला वाकले, तर भाचीनं माझं मनगट धरलं. घट्ट नाही, हळूच. "मावशी, नको. तेल नको त्याच्याजवळ. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय." आवाजात राग नव्हता, जागरणाचा थकवा तेवढा होता. मी "बरं" म्हणाले, रुमाल मुठीत घेतला आणि आले तशी परत गेले.

अंथरुणावर पडले तरी रुमाल मुठीतच होता. पुदिन्याच्या तेलाचा वास आधी गार लागतो, मग डोळ्यांच्या मागे कुठेतरी टोचल्यासारखं होतं, आणि थोड्या वेळानं वास कळेनासा होऊन नुसता गारवा उरतो. त्या गारव्यात मी टक्क जागी होते आणि मनात एकच गोष्ट घोळत होती. हिचंच नाक चोंदायचं तेव्हा पुदिनाच तर होता. भाची तान्ही असताना माझ्या आजीच्या, म्हणजे तिच्या पणजीच्या खांद्यावर झोपायची आणि त्या खांद्याला पुदिन्याचा वास यायचा. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, शेजारी बसून ते सगळं पाहत असे. ज्या वासात ही स्वतः निजली तो वास हिनं आपल्या लेकराच्या उशाशी येऊ दिला नाही, याचं मला वाईट वाटलं. अगदी खरं सांगायचं तर घशाशी आवंढा आला. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की तिचंच बरोबर असणार. दमलेली आई उगाच कुणाचं मनगट धरत नाही.

झोप येणार नव्हतीच. मी आजीला आठवत पडून राहिले.

आजीकडे पुदिना दोन प्रकारचा होता. नळाखालून सांडणाऱ्या पाण्याच्या वाटेवर, जिथली माती कधी पुरती वाळत नसे, तिथे फिकट हिरव्या, सुरकुतलेल्या पानांचा पुदिना मोकळा पसरलेला असे. त्याची पानं थेट दांड्याला चिकटलेली. दुसरा तिनं एका फुटक्या घागरीत मुद्दाम कोंडून ठेवला होता. काळपट हिरवा, जांभळट दांड्यांचा, आणि त्याच्या प्रत्येक पानाला स्वतःचा छोटासा देठ. पहिल्याला ती "मऊ" म्हणायची, दुसऱ्याला "तिखट". कोंडून ठेवायचं कारण असं की पुदिना जमिनीखालून आडवी खोडं सोडत लांबवर जातो. दोघांना एकत्र मोकळं सोडलं तर वर्षभरात कुठला कुठला ते ओळखता येऊ नये असा गुंता होतो. मी लहान असताना तिनं मला डोळे मिटून दोन्ही ओळखायला शिकवलं होतं. दांडा बोटांत धरून फिरवला की चार कडा लागतात, कारण पुदिन्याचा दांडा गोल नसतो, चौकोनी असतो. तुळशीचाही तसाच. दोघी एकाच कुळातल्या आहेत हे मला पुढे शाळेत कळलं, आणि बाई सांगत होत्या तेव्हा माझी बोटं बाकाखाली आपोआप एक नसलेला दांडा फिरवत होती. चार कडा लागल्या की मग देठ चाचपायचा. देठ असला तर तिखट, नसला तर मऊ. वास घ्यायचा तो सगळ्यात शेवटी.

घरात कुणाचं पोट दुखलं, गुबारा धरला, जेवण अंगावर आलं की आजी घागरीकडे जायची. शेंड्याची कोवळी, लुसलुशीत पानं ती घेत नसे. खालची जून पानं खुडायची. सात-आठ, जास्त नाहीत. ती धुऊन एका तळहातावर ठेवायची आणि दुसऱ्या तळहातानं टाळी वाजवावी तशी एकदाच दाबायची. कुटायची नाही, चिरायची नाही. पाण्याला आधण आलं की भांडं खाली उतरवायचं, मग पानं टाकायची आणि लगेच झाकण. मी एकदा पानांसकट पाणी उकळायला ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "काढा उकळतात गं. हा फांट आहे. याला उकळलंस तर सगळं घर बरं होईल, आजारी माणूस सोडून." मग दहा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. आणि झाकण उघडलं की ते सरळ बाजूला ठेवायचं नाही. आतून जमलेले थेंब भांड्यात झटकून घ्यायचे. ते ती इतक्या काळजीनं करायची की मला वाटे, पाणी वाया जाऊ नये म्हणून.

पुदिन्याचं तेल पानाच्या पोटात नसतं, पानाच्या पृष्ठभागावरच सूक्ष्म ग्रंथींमध्ये भरलेलं असतं. त्या ग्रंथी फुटायला तळहाताचा दाब पुरतो. तेल उडून जाणारं, वाफेबरोबर वर चढणारं, म्हणून झाकण. आणि झाकणाला गार लागून परत थेंब झालेल्या वाफेत तेच तेल, म्हणून ते थेंब मोलाचे. जून पानांचं गणितही खरं निघालं. पेपरमिंटच्या, म्हणजे आजीच्या तिखट पुदिन्याच्या, कोवळ्या पानात मेंथोन नावाचं द्रव्य जास्त असतं, पान जून होत जातं तसं त्याचं मेंथॉल, म्हणजे गारवा देणारं द्रव्य, होतं. आता युरोपच्या औषध नियामक संस्थेनंही परंपरेनं चालत आलेला उपाय म्हणून अपचन आणि वातासाठी पेपरमिंटची पानं मान्य केलेली आहेत: दीड ते तीन ग्रॅम वाळलेली पानं, १०० ते १५० मिलिलीटर उकळतं पाणी, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. आजीचा हात याहून हलकाच होता. पण त्या कागदावर एक गोष्ट नाही. ती दहा मिनिटं आजी पोट दुखणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून असायची, त्याच्या पोटावर हात ठेवून, काही न बोलता. झाकण उघडेपर्यंत दुखणं निम्मं झालेलं असायचं.

त्या फांटाचा पहिला घोट मला फार आवडायचा, कारण तो कळत नसे. पेला हातात धरवत नाही इतका गरम, ओठाला चटका बसतो, आणि घोट घशाखाली उतरला की तोंड उघडून श्वास घ्यावा तर आत गार वारा शिरतो. गरम आणि गार एकाच घोटात कसे, हे मी आजीला कितीदा तरी विचारलं. ती म्हणायची, "गरम पाणी आहे, गार पुदिना आहे." याचं उत्तर विज्ञानाला मिळालं ते २००२ साली. आपल्या त्वचेतल्या आणि तोंडातल्या मज्जातंतूंच्या टोकांवर गारवा ओळखणारी एक वाट असते, टीआरपीएम-८ असं तिचं नाव. खऱ्या थंडीनं ती उघडते, आणि मेंथॉल लागलं तरी उघडते. मेंदूला निरोप एकच जातो: गार. तापमापक लावला तर पारा तसूभर खाली आलेला नसतो. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पातापुतियान या दोघांच्या प्रयोगशाळांनी वेगवेगळं काम करून ही वाट शोधली, आणि उष्णता आणि स्पर्श कसे कळतात याच्या संशोधनासाठी दोघांना २०२१ चं नोबेल पारितोषिक मिळालं. त्या वर्षी ती बातमी वाचताना आजीचं वाक्य माझ्या कानात होतं. गरम पाणी, गार पुदिना.

पण त्याच वाचनात पुढे एक गोष्ट आली आणि मन खट्टू झालं. चोंदलेल्या नाकावर मेंथॉलचा वास दिला तर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. तेव्हा संशोधकांनी नाकातून जाणारी हवा यंत्रानं मोजली. ती जेवढी आधी होती तेवढीच होती. सूज उतरली नव्हती, वाट रुंद झाली नव्हती. फक्त आत जाणारी हवा गार लागत होती, आणि गार हवा लागली की मेंदू समजतो की वाट मोकळी आहे. मला फसवलं गेल्यासारखं वाटलं. लहानपणी सर्दीत किती रात्री मी चुरगळलेली पानं नाकाशी धरून "सुटलं, सुटलं" म्हणत झोपले होते. मग ते सगळं खोटं होतं का? बरेच दिवस ही सल राहिली. पुढे एका छोट्या अभ्यासाबद्दल वाचलं, २००४ सालचा. शस्त्रक्रियेनंतर ज्यांना मळमळत होतं अशा ३३ जणांना वास घ्यायला दिला. काहींना पेपरमिंटच्या तेलाचा, काहींना अल्कोहोलचा आणि काहींना नुसत्या मिठाच्या पाण्याचा. मळमळ तिन्ही गटांत कमी झाली, आणि जवळपास सारखीच. संशोधकांना वाटलं की वासापेक्षा सावकाश, खोल घेतलेल्या श्वासाचा हा गुण असावा. हे वाचून खरं तर पुदिन्यावरचा विश्वास आणखी उडायला हवा होता. माझं उलट झालं. मला आजीचा आवाज ऐकू आला: "नाकानं घे. हळू. अजून हळू. आता सोड." ती नुसतं पान कधीच द्यायची नाही. पान नाकाशी धरून ती आपल्याबरोबर श्वास घ्यायची.

ज्याला श्वास मोकळा वाटतो तो झोपतो, आणि झोपलेलं शरीर आपलं आपण बरं होत राहतं. याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पोटाचं मात्र निराळं आहे. तिथे पुदिना नुसतं वाटायला लावत नाही, तिथे तो खरोखर काम करतो. आतड्याच्या भिंतीतले स्नायू आकसतात ते पेशींत कॅल्शियम शिरल्यामुळे. मेंथॉल ते शिरणं अडवतं आणि मुरडा सैल पडतो. म्हणून आतड्यांच्या जुनाट, पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्यात डॉक्टर पेपरमिंटच्या तेलाच्या कॅप्सूल देतात. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यांचा समावेश केला आहे. कॅप्सूलवर असं वेष्टण असतं की ती जठरात विरघळू नये, थेट आतड्यात जाऊन उघडावी. असं का, हे मला ज्या दिवशी समजलं तो दिवस मी विसरणार नाही.

माझ्या वडिलांना शेवटच्या काही वर्षांत छातीत जळजळायचं. जेवण झालं की घशाशी यायचं, रात्री आडवे झाले की खोकला. आजी तेव्हा नव्हती, पण तिची घागर माझ्याकडे आली होती, आणि पोटाचं काही असलं की पुदिना, हे माझ्या हातात भिनलेलं होतं. मी रोज रात्री त्यांना तिखट पुदिन्याचा फांट द्यायचे. जळजळ कमी होईना म्हणून पानं वाढवली. सातची दहा केली, दहाची पंधरा. ते काही न बोलता प्यायचे. पेला रिकामा करून माझ्या हातात देताना दर वेळी म्हणायचे, "छान झालाय." शेवटी त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी दिवसभर काय काय घेता ते एकेक विचारलं तेव्हा पुदिन्याचं निघालं. ते म्हणाले, आधी तो बंद करा. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं, ते आवळून आम्लाला खाली ठेवतं. मुरडा सैल करणारा पुदिना हे कडंही सैल करतो, आणि मग आम्ल वर चढतं. कॅप्सूलला वेष्टण असतं ते यासाठीच. आठ दिवसांत वडिलांचा रात्रीचा खोकला निम्म्यावर आला. मी विचारलं, "पुदिन्यानं जास्त जळजळतं हे तुम्हाला कळत नव्हतं का?" ते म्हणाले, "कळत होतं. पण तू एवढं करून आणायचीस."

मी तेव्हा त्यांच्यापुढे बसून रडले होते, आणि ते माझीच समजूत काढत होते.

त्यानंतर मी पुदिन्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले. आधी मी तो नुसता मानत होते, आता अभ्यासू लागले. आणि अभ्यासू लागले तसं त्याच्याबद्दलचं प्रेम वाढलं, कारण हे झाड भलतंच गुंतागुंतीचं निघालं. नवव्या शतकात वालाफ्रिड स्ट्राबो नावाच्या एका मठाधिपतीनं आपल्या औषधी बागेवर कविता लिहिली. तीत त्यानं म्हटलंय की पुदिन्याचे सगळे प्रकार, त्यांची नावं आणि गुण ज्याला सांगता येतील त्याला तांबड्या समुद्रात मासे किती हेही सांगता येईल. हजार वर्षांहून जास्त काळ गेला, तरी वनस्पतिशास्त्रज्ञ अजून पुदिन्याच्या जातींच्या नेमक्या संख्येवर भांडतात, कारण या जाती एकमेकींत फार सहज मिसळतात. आजीचा "तिखट" म्हणजे पेपरमिंट हा असाच संकर आहे, पाणपुदिना आणि मऊ पुदिना यांचा. इंग्लंडमध्ये जॉन रे या निसर्गशास्त्रज्ञानं १६९६ साली त्याची नोंद केली तोवर त्याला वेगळं असं कुणी ओळखलं नव्हतं. आणि मऊ पुदिन्यात मेंथॉल नावालाच असतं; त्याचा वास कार्व्होन नावाच्या द्रव्याचा. या कार्व्होनचं गंमतीदार आहे. त्याच्या रेणूची आरशातली प्रतिमा म्हणजे बाळंतशेपेतलं कार्व्होन. तेच अणू, तीच जोडणी, फक्त डाव्या-उजव्या हातासारखं उलटं. आणि एकाला पुदिन्याचा वास येतो, दुसऱ्याला शेपेचा. मी हे वाचलं त्या दिवशी दोन्ही डबे उघडून आलटून पालटून वास घेत बसले होते.

याच घराण्यात पेनिरॉयल आहे. दिसायला पुदिना, वासाला पुदिना, आणि त्याच्या तेलातलं पुलेगोन यकृताची वाट लावतं. शतकानुशतकं बायकांनी नको असलेला गर्भ पाडायला ते घेतलं, आणि त्यात काहींचे जीव गेल्याच्या नोंदी आहेत. परंपरा म्हटली की तिच्या पोटात हेही येतं. ज्या बायकांचं पोट पुदिन्यानं शांत झालं त्यांच्याच नात्यातल्या त्या बायका. त्यांनाही कुणीतरी विश्वासानं पेला दिला असेल, शेजारी बसून.

पहाटेच्या सुमारास, रुमालाचा वास उडून गेल्यावर, माझ्या लक्षात ती गोष्ट आली जी इतका वेळ समोर असूनही दिसत नव्हती. आजीच्या घरात तेलाची बाटली कधीच नव्हती. ती बाटली माझी. घर बदललं, खाली अंगण राहिलं नाही, घागरीतलं झाड खिडकीतल्या कुंडीत आलं, कामाची धांदल वाढली आणि पानं खुडत बसण्यापेक्षा दोन थेंब सोपे वाटले. हळूहळू मी बाटलीलाच पुदिना म्हणू लागले. पण पान आणि तेल यांत केवढं अंतर! चांगल्या प्रतीच्या एक किलो वाळलेल्या पेपरमिंटच्या पानांत किमान १२ मिलिलीटर तेल असावं असा युरोपच्या औषधकोशाचा नियम आहे. म्हणजे कपाटातल्या त्या बोटभर बाटलीत अर्धा-पाऊण किलो पानं कोंबलेली, आणि त्या तेलातलं ३० ते ५५ टक्के निव्वळ मेंथॉल. मोठ्या माणसाचं डोकं ठणकत असेल तर कपाळाला लावायला तेच तेल दहा टक्क्यांपर्यंत पातळ करून वापरतात, आणि त्याचा गुण येतो हे तपासूनही पाहिलेलं आहे. पण तान्ह्या किंवा अगदी लहान मुलाच्या नाकाशी मेंथॉलचा असा झोत गेला तर घसा आवळू शकतो, श्वास थांबू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलांना ते वापरायचंच नाही. मी दोन थेंब टाकून नेलेला रुमाल बाळाच्या उशाशी ठेवणार होते, नाकापासून वीतभर अंतरावर.

अंगावर काटा आला.

मग मी भाचीच्या तान्हेपणीची ती संध्याकाळ नीट आठवायचा प्रयत्न केला. वास आठवून भागणार नव्हतं, हात आठवायला हवे होते. आजी घागरीकडे गेली नव्हती. ती नळापाशी वाकली होती. मऊ पुदिन्याची दोन पानं, फक्त दोन, बोटांत चुरगळून तिनं बोटं स्वतःच्या खांद्याला मागच्या बाजूनं पुसली होती. बाळाच्या अंगाला नाही, तोंडाजवळ नाही. मग बाळाला खांद्यावर उभं घेतलं आणि तशीच बसली, तास-दीड तास, पाय बधिर होईपर्यंत. उभं धरल्यानं बाळाचं नाक वाहतं झालं, ऊब मिळाली, आजीच्या श्वासाला श्वास लागला. तिखट पुदिना मोठ्यांचा, मऊ लहानांचा, आणि लहानांचाही दुरून. हे तिला मेंथॉलचं नावही न ऐकता ठाऊक होतं. कदाचित तिच्या आधीच्या कुणीतरी एखाद्या बाळाचा श्वास अडकलेला पाहिला असेल आणि त्या भीतीतून हा नियम आला असेल. मी नियम विसरले होते आणि वास तेवढा धरून बसले होते. मनगट धरणारी भाची आजीच्या जास्त जवळ होती.

बाळाची घरघर थांबली होती. मी उठले. कोपरापर्यंत हात साबणानं दोनदा धुतले, रुमाल गरम पाण्यात बुडवला, अंगावरचे कपडे बदलले आणि बाहेर आले. भाची बैठकीच्या खोलीत खुर्चीवर होती. बाळ तिच्या खांद्यावर उभं, गाल चेपलेला, तोंड उघडं, गाढ झोपलेलं. शेजारी मिठाच्या पाण्याच्या नाकातल्या थेंबांची कुपी. ती रात्रभर तशीच बसलेली असणार. मला बघून म्हणाली, "मावशी, रागावलीस?" मी मान हलवली. मला खूप सांगायचं होतं, पण बाळ उठलं असतं. तिनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "माझंच पोट दुखतंय आता. रात्री धड जेवलेच नाही, नुसता वात धरलाय." मग थोडं थांबून, "पुदिना आहे ना गं खिडकीत? पानांचा?"

खिडकीत अजून उजाडलं नव्हतं. मी दिवा लावला नाही. कुंडीत हात घातला, दांडा दोन बोटांत फिरवला, कडा मोजल्या, देठ चाचपला. पेपरमिंटला बी धरत नाही; संकर असल्यामुळे तो वांझ असतो. म्हणून त्याचं प्रत्येक झाड हे आधीच्या एखाद्या झाडाचा तोडून लावलेला तुकडा असतं. माझ्या बोटांतला दांडा आजीच्या घागरीतल्या झाडाचं मूल नव्हता, नातू नव्हता. तो तेच झाड होता. तीस वर्षं, तीन घरं, कितीतरी वेळा पेल्यातल्या पाण्यात मुळं फुटू दिलेलं, तेच. मी खालची जून पानं खुडली. सात.

पाण्याला आधण आलं, भांडं उतरवलं, तळहातात पानं एकदा दाबून आत सोडली आणि झाकण ठेवलं. मग बाळाला तिच्या खांद्यावरून माझ्या खांद्यावर घेतलं. ते क्षणभर चुळबुळलं, नाक माझ्या मानेत खुपसलं आणि पुन्हा संथ झालं. तिनं मोकळे झालेले हात झटकले, मान दोन्हीकडे वळवली. आम्ही दोघी त्या झाकणाकडे बघत बसलो. दहा मिनिटं झाल्यावर तिनं उठून झाकण उचललं, वाफ तिच्या तोंडावर आली. एका हातानं बाळ सांभाळत मी दुसऱ्या हातानं पेला पुढे सरकवला.

"थांब," ती म्हणाली. "झाकणावरचे राहिले." आणि झाकण तिरकं करून तिनं ते थेंब एकेक करून भांड्यात ओघळू दिले.